कर्मयोगी डॉ. जेम्स नेस्मिथ

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध करण्याची प्रथा आहे. त्या प्रथेस यंदा किंचित मुरड घालून एका परदेशस्थ पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे, याबद्दल वडीलधारी मंडळी क्षमा करतील अशी आशा आहे. ज्यांचे चरित्र सांगावयाचे ते डॉ. जेम्स नेस्मिथ हे बास्केटबॉल या खेळाचे जनक म्हणून जगास ठाऊक आहेत. आपल्याकडील शाळाशाळांतून हा खेळ खेळला जातो. मुंबईत नागपाड्यासारख्या श्रमिकांच्या वस्तीत तर या खेळाची परंपराच निर्माण झालेली आहे. तथापि खेळ सांगणाऱ्या पुस्तकांतून नेस्मिथांविषयी येतात त्या चारदोन ओळी टोपलीपाशी सुरू होतात आणि टोपलीपाशीच संपतात. मला त्यांच्या आयुष्यातील जो भाग महत्त्वाचा वाटतो तो या टोपलीपासून बराच दूर घडलेला आहे.

शिवाय आणखी एक कारण आहे. आपल्या शिक्षण-साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत दरवर्षी दोनचार अर्ज असे निघतात की, वडील अकाली वारले, मामाच्या किंवा काकांच्या घरी वाढलो, मध्यंतरी शाळा सुटली, मोलमजुरी केली आणि आता वय उलटून गेल्यावर पुन्हा शिकावेसे वाटते. असे अर्ज आपण बहुधा गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतो. वय झालेल्या मुलावर पैसा खर्च करण्यापेक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मुलास तो द्यावा, असे आपणांस वाटते आणि तसे वाटण्यात काही गैर आहे असेही नाही. नेस्मिथांचा अर्ज आपल्याकडे आला असता तर तोही याच गठ्ठ्याच्या तळाशी गेला असता.

त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडात, आज ज्यास आँटेरिओ प्रांत म्हणतात तेथे, आल्मांट या गावानजीक झाला. वडील जॉन व आई मार्गारेट ही दोघेही स्कॉटिश वंशाची. पुढे हे कुटुंब ओटावा नदीतील ग्रँड कॅल्युमेट नावाच्या बेटावर लाकूड कापण्याच्या गिरणीच्या व्यवसायासाठी जाऊन राहिले. तेथे आधी गिरणी आगीत भस्मसात झाली आणि पाठोपाठ १८७० साली विषमज्वराने घरात प्रवेश केला. प्रथम वडील गेले. त्यांची शुश्रूषा करता करता आईस ज्वर जडला आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. जेम्सना त्या सुमारास नववे वर्ष पुरे होत होते. अॅनी नावाची बहीण आणि रॉबी नावाचा धाकटा भाऊ अशी ही तीन पोरकी भावंडे आल्मांटजवळच्या आजोळी आली. आजीही फार वर्षे लाभली नाही. त्यानंतर पीटर यंग या अविवाहित मामांनी त्यांचा सांभाळ केला.

हे पीटरमामा मोठे करारी गृहस्थ असावेत. मुलांवर माया होती, परंतु ती बोलून दाखविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घोड्यांची जोडी नेत असता जेम्सच्या घोड्यांच्या पायांखालचे बर्फ फुटले. मुलाने मोठ्या शर्थीने घोडे बाहेर काढले आणि वर पाहतो तो झाडीत मामा उभे! ते सारा वेळ पाहत होते आणि मदतीस पुढे आले नव्हते. ही गोष्ट नेस्मिथांच्या चरित्रांतून सांगितली जाते. मामांच्या या कठोरपणाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतील. मला मात्र त्या झाडीतील मामांच्या मनाची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल हाच विचार येतो. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट अशी की, बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी लागणारी पात्यांची पायताणे इतर मुलांपाशी होती, जेम्सपाशी नव्हती. मामांकडे मागावयाची नाहीत असे ठरवून त्यांनी जुन्या कानशी घेतल्या, त्या लाकडाच्या पट्ट्यांत बसविल्या आणि दुसऱ्या दिवशी इतरांच्या बरोबरीने खेळावयास गेले. गावच्या लोहाराच्या दुकानामागे एक मोठा दगड होता. त्यावर लहान दगड ठेवून तो लांबून नेम धरून पाडावयाचा, असा आपल्या लगोरीशी थोडेसे साम्य असलेला एक खेळ तेथील मुले खेळत. जोराने सरळ फेकलेला दगड चुकला तर दूर जाऊन पडे आणि तो आणण्यात डाव जाई; अलगद कमानीने टाकलेला दगड मात्र नेमका बसे. या गोष्टीची आठवण वीस वर्षांनी उपयोगी पडावयाची होती.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली. शेतीची कामे आणि हिवाळ्यात जंगलातील लाकूडतोडीची छावणी असा क्रम सुरू झाला. लाकूडतोड्यांच्या संगतीत जे शिकावयास मिळते ते सर्व हा मुलगा शिकला, त्यात मद्यही आले. एके दिवशी गुत्त्यात पेला हातात असता शेजारच्या वयस्कर माणसाने त्यांस ओळखले, हा मार्गारेट यंगचा मुलगा ना, अशी चौकशी केली आणि आज ती असती तर तिला काय वाटले असते, अशा अर्थाचे काही तो बोलला. जेम्सनी पेला खाली ठेवला. त्यानंतर आयुष्यात पुन्हा त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते पुन्हा शाळेच्या बाकावर, आपल्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांच्या शेजारी जाऊन बसले. ज्यांनी असे केले आहे त्यांनाच त्या बाकाची उंची ठाऊक!

१८८३ साली माँट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात त्यांचा प्रवेश झाला. मामांस हे पसंत नव्हते. त्यांना शेतीसाठी हाताखाली माणूस हवा होता. अखेर तडजोड अशी निघाली की, जेम्सने धर्मोपदेशक व्हावयाचे आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत शेतावर राबावयास यावयाचे. दुसरी अट त्यांनी अक्षरशः पाळली. पहिलीचे काय झाले हे पुढे येईल. याच काळात धाकटा भाऊ रॉबी पोटाच्या आकस्मिक दुखण्याने ऐन तारुण्यात गेला.

विद्यापीठात प्रथम त्यांनी पुस्तकांखेरीज कशाकडे पाहिले नाही. सहाध्यायांनी आग्रहाने व्यायामशाळेत नेले आणि तेथून ते फुटबॉलच्या मैदानावर पोहोचले. १८८७ साली पदवी घेऊन ते माँट्रियलच्या प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयात दाखल झाले, तरी त्यांचे खेळणे थांबले नाही. त्या काळच्या धर्मनिष्ठ समाजात मैदानी खेळ, विशेषतः फुटबॉल, म्हणजे सैतानाचे साधन मानले जाई. त्यांच्या खोलीशेजारी काही सहाध्यायी जमून त्यांच्या आत्म्याच्या उद्धारासाठी प्रार्थना करीत असत, असे ते पुढे सांगत. एकदा शनिवारच्या सामन्यात दोन्ही डोळे काळेनिळे झाले आणि रविवारी त्याच चेहऱ्याने त्यांना व्यासपीठावर उभे राहून प्रवचन द्यावे लागले. त्या प्रवचनाचा विषय काय होता कोण जाणे; श्रोत्यांचे लक्ष विषयाकडे असेल असे वाटत नाही.

या द्वंद्वातून वाट दाखविणारा प्रसंग अगदी साधा आहे. सामन्याच्या धुमश्चक्रीत शेजारच्या खेळाडूने रागाच्या भरात शिव्यांची लाखोली वाहिली आणि लगेच नेस्मिथांकडे वळून, ते तेथे आहेत याचे भान राहिले नाही म्हणून क्षमा मागितली. नेस्मिथांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. केवळ सोबत खेळत असल्याने जर एवढे घडत असेल तर व्यासपीठावरून बोलण्यापेक्षा मैदानावर वागण्यानेच आपण तरुणांच्या अधिक उपयोगी पडू, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९० साली धर्मविद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा होताच धर्मोपदेशकाचे पद न स्वीकारता ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स राज्यात स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात निघून गेले. बहीण अॅनीने या गोष्टीबद्दल त्यांस कधीच मनापासून क्षमा केली नाही. भाऊ पुढे जगप्रसिद्ध झाला तरी दिलेला शब्द मोडून पोरखेळाच्या मागे लागला, हेच तिचे मत कायम राहिले. आपल्या घराघरांतून अशा अॅनी आहेत. त्यांचे सगळेच चुकते असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही, कारण आईबापांमागे ज्या घराने तीन पोरांना उभे केले त्या घराला दिलेल्या शब्दाची किंमत तिला भावापेक्षा अधिक कळत होती.

स्प्रिंगफील्ड येथील हकीगत सर्वश्रुत असल्याने ती थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत त्याच त्या कवायती, यास कंटाळलेला अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. विद्यालयातील व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी तो नेस्मिथांच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ काढण्यास सांगितले. धक्काबुक्की होऊ नये म्हणून चेंडू घेऊन धावण्यास मनाई आणि जोराने फेकण्याचा मोह होऊ नये म्हणून लक्ष्य डोक्याच्या वर व आडवे, अशी त्यांनी योजना केली. लोहाराच्या दुकानामागचा दगड येथे उपयोगी पडला. द्वारपालाने पेट्यांऐवजी पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, तेरा नियम टंकलिखित दोन कागदांवर भिंतीस लागले आणि डिसेंबर १८९१ मध्ये पहिला सामना झाला. त्यात एकच गोल झाला. नेस्मिथांनी या खेळावर कोणताही हक्क नोंदविला नाही आणि त्यापासून द्रव्य मिळविण्याचा प्रयत्नही केला नाही. स्वतः तर ते हा खेळ उभ्या आयुष्यात दोनच वेळा खेळले असे सांगतात.

त्या व्यायामशाळेत काही तरुण शिक्षिकाही लवकरच हा खेळ खेळू लागल्या. त्यांतील मॉड शर्मन हिच्याशी २० जून १८९४ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी हे दांपत्य कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे गेले. तेथे वाय. एम. सी. ए. मधील व्यायामशिक्षणाची नोकरी सांभाळून ते ग्रॉस वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागले आणि १८९८ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, एम. डी. झाले. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाची ही तिसरी विद्या. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि वैद्यक या तिन्हींपैकी एकीचाही धंदा त्यांनी केला नाही, हे येथेच नमूद केलेले बरे.

त्याच वर्षी कान्सास विद्यापीठास दररोजच्या सामुदायिक प्रार्थनेचे संचालन करण्यासाठी आणि व्यायामशिक्षणासाठी माणूस हवा होता. स्प्रिंगफील्डचे त्यांचे जुने सहकारी एमॉस अॅलॉन्झो स्टॅग यांनी त्यांची शिफारस केली. त्या शिफारशीत खेळाचा शोध, वैद्यकीय पदवी, धर्मशिक्षण, मद्य व तंबाखू यांपासून अलिप्तता आणि तोंडात कधी अपशब्द नसणे या सर्वांचा उल्लेख होता. म्हणजे विद्यापीठाने प्रार्थनेसाठी माणूस बोलाविला आणि त्याच्यासोबत बास्केटबॉल विद्यापीठात आला. लॉरेन्स या गावी ते जे आले ते एकेचाळीस वर्षांनी तेथेच देह ठेवीपर्यंत तेथलेच झाले. १९२५ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व पत्करले.

१८९९ पासून १९०७ पर्यंत ते विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक होते. या काळात संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. कान्सास विद्यापीठाच्या संघाचा इतिहास जगात नाणावलेला आहे. त्या साऱ्या इतिहासात विजयांपेक्षा पराजय अधिक असलेला शिक्षक एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! याचे कारण सोपे आहे. हा खेळ शिकवावयाचा असतो हेच त्यांस मान्य नव्हते. तो खेळावयाचा असतो, असे त्यांचे मत. त्यांचा शिष्य फॉरेस्ट अॅलन याने शिक्षक होण्याचा मनोदय सांगितला तेव्हा त्यांना हसू आल्यावाचून राहिले नाही. याच अॅलनने पुढे विद्यापीठास शेकड्यांनी विजय मिळवून दिले. सामन्याच्या वेळी नेस्मिथ कित्येकदा स्वतःच पंचाचे काम करीत.

मग विद्यापीठात हा गृहस्थ करीत काय होता? येणाऱ्या विद्यार्थ्यांची शारीरिक तपासणी करून उंची, छाती, वजन यांची काळजीपूर्वक नोंद ठेवणे, कोणाची पाठ वाकलेली आहे, कोणाचा खांदा उतरलेला आहे हे पाहून त्यास त्याच्यापुरता व्यायाम नेमून देणे, आरोग्यशास्त्रावर व्याख्याने देणे, पट्टा खेळावयाच्या तलवारीचे शिक्षण देणे, रविवारी धर्मवर्ग घेणे, हे त्यांचे काम. ज्या विषयाचा उच्चार सभ्य घरांत होत नसे त्या लैंगिक आरोग्याविषयी ते तरुणांशी वैद्याच्या आणि पित्याच्या अशा दोन्ही भूमिकांतून उघडपणे बोलत. संघातील मुलगा जिंकला की हरला यापेक्षा तो दहा वर्षांनी कसा माणूस होईल याची त्यांस अधिक उत्सुकता असे. आपल्याकडील तालमीच्या जुन्या वस्तादांचा ज्यांना सहवास घडला आहे त्यांना ही जात ओळखता येईल.

मात्र चरित्रकाराने केवळ आरती ओवाळू नये. या माणसाच्या सत्प्रवृत्तीची किंमत त्याच्या घराने मोजलेली आहे. मॉडबाईंना विषमज्वर झाला आणि त्यातून त्या वाचल्या तरी त्यांची श्रवणशक्ती गेली. ज्या रोगाने जेम्सना पोरके केले त्यानेच त्यांच्या पत्नीभोवती शांततेची भिंत उभी केली. मुले पाच, पगार बेताचा आणि पैशाच्या बाबतीत गृहस्थ विलक्षण उदासीन. १९१६ साली मेक्सिकोच्या सरहद्दीवर तणाव वाढला तेव्हा चौपन्न वर्षांचे नेस्मिथ कान्सासच्या पलटणीबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेले. त्यासाठी जी धर्मदीक्षा त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी टाळली होती ती आता घेतली. मामांस दिलेला शब्द असा फिरत फिरत पुरा झाला. तो पाहण्यास मामा हवे होते असे वाटून जाते. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि ते वाय. एम. सी. ए. तर्फे फ्रान्सला गेले. घरापासून दूर एकटे पडलेल्या सैनिकांना मद्य आणि वेश्यागमन यांपासून परावृत्त करणे, त्यांच्यासाठी खेळांची व्यवस्था लावणे, हे काम त्यांनी सुमारे एकोणीस महिने केले. ते काम थोर होते यात शंका नाही. परंतु त्या एकोणीस महिन्यांत लॉरेन्सच्या घरी एक बहिरी स्त्री मुलांना घेऊन थोडक्या पैशांत संसार ओढीत होती, हेही तितकेच खरे आहे. तिच्या नावे कोठे क्रीडागृह नाही.

आता ज्या भागासाठी मुख्यतः हा लेख लिहिला तो सांगतो. १९३३ साली जॉन मॅक्‌लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी कान्सास विद्यापीठात आला. त्याच्या वडिलांनी त्यास सांगून धाडले होते की, नेस्मिथ नावाच्या गृहस्थांना शोध आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असे त्यांना सांग. मुलाने तसे सांगितले, आणि वडील म्हणतात तर ते खरेच असले पाहिजे, अशा भावाने वृद्ध प्राध्यापकांनी त्यास जवळ केले. त्या काळी विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयास स्थान नव्हते. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते, परंतु कृष्णवर्णीय विद्यार्थी तलावात उतरू नये म्हणून त्यास न पोहताच उत्तीर्ण करण्याची सोय करून ठेवलेली होती. मॅक्‌लेंडनने ती सवलत नाकारली आणि तो सरळ तलावात उतरला. त्यानंतर तलावातील सारे पाणी काढून टाकण्यात आले.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ नंतर कोणत्या रीतीने शुद्ध करून घेण्यात आले होते हे ज्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकास या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे शेण, गोमूत्र, दही, दूध होते. येथे नळ आणि मोरी होती. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या पानांवर हे लिहिताना मला थोडा संकोच होतो आहे, पण लिहिणे प्राप्त आहे.

नेस्मिथ या वेळी सत्तरी उलटलेले, अधिकारपदापासून जवळजवळ दूर झालेले वृद्ध होते. तरी ते विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले. मॅक्‌लेंडननेही संयमाने आणि थोड्या चतुराईने, काही काळ तलावावर कोणताही तंटा न घडल्यास तो सर्वांस खुला करावा, असे कबूल करवून घेतले आणि तलाव खुला झाला. हायस्कुलात शिकविण्याचा अनुभव विद्यार्थ्यास मिळावा लागतो, तेथेही वर्णाची अडचण आली असता नेस्मिथांनीच ती दूर केली. १९३६ साली मॅक्‌लेंडन पदवीधर झाला. त्या विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय. तथापि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे दार नेस्मिथांच्या हयातीत उघडले नाही. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्या संघात आला तो १९५१ साली. खेळाच्या जनकाने त्यासाठी आणखी आवाज उठविला असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारावासा वाटतो. जो मुलगा समोर आला त्याच्यासाठी त्यांनी सर्व केले; रीत बदलण्यासाठी लढा पुकारणाऱ्यांपैकी ते नव्हते.

पण त्यांनी घडविलेला शिष्य त्यांपैकी निघाला. नॉर्थ कॅरोलायना येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात शिक्षक असता मॅक्‌लेंडनने १९४४ सालच्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी, शहर देवळात गुंतलेले असताना, दारे बंद करून आपल्या मुलांचा सामना ड्यूक विद्यापीठातील गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघाशी घडवून आणला. तसे खेळणे तेथील निर्बंधांविरुद्ध होते. त्याचा संघ ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंची मुले आपापसांत मिसळून, नवे संघ पाडून, पुन्हा खेळली. पुढे १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे टेनेसी राज्यातील त्याच्या महाविद्यालयीन संघाने महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. त्याने आपले शिक्षण मैदानावर कमी आणि नेस्मिथांच्या खोलीत व त्यांच्यासोबत चालता चालता अधिक घेतले होते.

१९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच रीतसर समावेश झाला. जनकाने तेथे उपस्थित असावे असे सर्वांस वाटले, पण जनकापाशी प्रवासाचे पैसे नव्हते! तेव्हा अमेरिकेतील बास्केटबॉल शिक्षकांच्या संघटनेने ठिकठिकाणच्या सामन्यांतून दर तिकिटामागे एक सेंट याप्रमाणे निधी जमविला आणि त्यांस पाठविले. मॉडबाईंची प्रकृती ठीक नसल्याने त्या जाऊ शकल्या नाहीत. एस्टोनिया व फ्रान्स यांच्यातील पहिल्या सामन्याचा चेंडू नेस्मिथांच्या हस्ते उडविला गेला. वीसहून अधिक राष्ट्रांचे खेळाडू त्यांच्यासमोरून संचलन करीत गेले. अंतिम सामना १४ ऑगस्ट रोजी भर पावसात, चिखल झालेल्या उघड्या मैदानावर झाला. घरात खेळण्यासाठी काढलेला खेळ पावसात भिजत खेळला गेला, आणि अमेरिकेने कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. एक त्यांची जन्मभूमी, दुसरी कर्मभूमी. दोन्ही संघांस पदके त्यांनीच दिली. दुसऱ्याच दिवशी त्याच नगरीत ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली आपल्या हॉकी संघाने जर्मनीस ८ विरुद्ध १ असे नमविले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही त्याच प्रसंगी बर्लिनमध्ये आपले देशी खेळ करून दाखविले. आपल्या मातीतील ती मंडळी आणि हा मिशाळ वृद्ध एकाच वेळी एकाच नगरीत वावरत होते, या कल्पनेने मनास गंमत वाटते.

हिंदुस्थानात हा खेळ रुजला तोही स्प्रिंगफील्डच्याच वाटेने. तेथे शिकलेले हॅरी बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू केले. त्यातून तयार झालेले शिक्षक देशभर पसरले.

बर्लिनहून परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, ४ मार्च १९३७ रोजी, मॉडबाई निवर्तल्या. त्याच वर्षी नेस्मिथ विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झाले. जून १९३९ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स किंकेड या विधवेशी विवाह केला, परंतु हे सहजीवन सहाच महिन्यांचे ठरले. मेंदूत रक्तस्राव होऊन २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. वय अठ्ठ्याहत्तर होते. बास्केटबॉलच्या उगमाविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या पश्चात १९४१ साली प्रसिद्ध झाले.

स्प्रिंगफील्डच्या भिंतीवर लागलेले तेरा नियमांचे ते दोन कागद नेस्मिथांनी जपून ठेवले होते. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा लिलाव झाला आणि त्यांस ४३ लक्ष डॉलरहून अधिक किंमत आली. ज्या माणसास बर्लिनला जाण्यासाठी एकेक सेंट गोळा करावा लागला त्याच्या कागदांची ही किंमत! कान्सास विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते विकत घेऊन विद्यापीठास दिले. ते लॉरेन्स येथे एका खास इमारतीत ठेवले आहेत. ही इमारत ज्या क्रीडागृहास लागून आहे त्यास नाव दिले आहे ते शिष्य अॅलन यांचे. गुरूंचे नाव आतील खेळाच्या जमिनीस दिलेले आहे.